पाण्याखाली साप जवळ आला तर

बुडी मारायला आलेला माणूस होडीवर चढला की पहिला प्रश्न शार्कचा विचारतो, दुसरा जेलीफिशचा. सापाबद्दल कुणी विचारत नाही, कारण समुद्रात साप असतात हे घाटावरून आलेल्या बहुतेकांच्या गावीच नसतं. मालवणच्या पाण्यात मोठा शार्क दिसण्यापेक्षा साप दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त. माझे बाबा आधी रापणीवर होते, मग गिलनेटच्या छोट्या होडीवर गेले. मी स्वतः गेली कित्येक वर्षं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेतो. म्हणजे समुद्री साप मी जाळ्यात तडफडतानाही पाहिला आहे आणि त्याच्या घरात, त्याच्या चालीने फिरतानाही. या दोन ठिकाणच्या सापांत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि तोच लोकांपर्यंत पोचत नाही म्हणून हे लिहितो आहे.

थंडीचे दिवस होते. पावसाळ्यात खाड्यांतून आलेला गाळ तोवर खाली बसलेला असतो आणि किल्ल्याच्या खडकांलगत पाच-सहा मीटरवरचं दिसू लागतं. कराडहून एक काकू मुलासोबत आल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं, पोहता येत नव्हतं. अशा पहिल्या बुडीला पोहणं यावं लागत नाही. मी मागून सिलिंडर धरतो, हवेचं आणि खोलीचं सगळं मी बघतो. येणाऱ्याने फक्त तोंडाने संथ श्वास घ्यायचा आणि पाहायचं. काकूंचा श्वास छान लागला होता. खडकाच्या कपारीत एक तांबोशी दिसली, तिच्याकडे त्या बोट दाखवत होत्या.

साप त्याच खडकाच्या खालच्या अंगाने बाहेर आला. मीटरभर लांब, जाड अंगाचा, पिवळसर राखाडी, पाठीवर रुंद काळपट पट्टे. त्याने वळण घेतलं नाही, सरळ आमच्याकडे आला. आधी काकूंच्या फिनपाशी थांबला. समुद्री सापाची जीभ जमिनीवरच्या सापासारखी लांब बाहेर पडत नाही, ओठांच्या फटीतून तिची फक्त दोन टोकं दिसतात. ती टोकं फिनच्या कडेला लागत होती, निघत होती, पुन्हा लागत होती. मग तो पायालगत वर सरकला. सिलिंडरवरच्या माझ्या हाताला काकूंचं अंग ताठ झालेलं कळलं आणि बुडबुड्यांची रांग एकदम दाट झाली.

मी त्यांच्या खांद्यावर हात दाबला आणि दुसरा तळवा त्यांच्या काचेसमोर धरला. होडीवर शिकवलेली 'थांबा' ही खूण. त्यांनी खडकाचा कंगोरा घट्ट पकडला आणि खरंच थांबल्या. त्या क्षणी पाय झाडले नाहीत, यात त्यांचं धैर्य किती मोठं होतं हे पाण्याखाली घाबरलेली माणसं ज्याने पाहिली आहेत त्यालाच कळेल. साप त्यांच्या दंडाजवळून माझ्या तोंडासमोर आला. त्याच्या नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला होत्या आणि पडद्यांनी मिटलेल्या होत्या. अंगावरचे खवले घोणशीसारखे एकावर एक चढलेले नव्हते. षटकोनी, एकमेकांना खेटून बसलेले होते. शेपूट दोन्ही बाजूंनी चपटं, त्याच्या एका फटक्यात तो हातभर पुढे जात होता. माझ्या काचेला त्याने जीभ लावली का ते मला सांगता येणार नाही, इतका तो जवळ होता. मग त्याने तोंड वर केलं, सरळ पृष्ठभागाला गेला, नाक बाहेर काढून श्वास घेतला आणि पलीकडच्या खडकांत उतरला.

वर आल्यावर काकूंनी तोंडातून रेग्युलेटर काढला आणि विचारलं, "तो माझ्याकडेच का आला?"

माझ्याकडे तेव्हा फक्त बाबांचं उत्तर होतं. लहानपणी किनाऱ्यालगत पोहताना असाच एक साप जवळ आला होता, तेव्हा होडीतून बाबा ओरडले होते, "हलू नको! तेका बघूक दी. बघून झाला की जातलो तो." पण काकूंचा प्रश्न 'का' असा होता, आणि त्याचं नीट उत्तर मला पुढे वाचनातून मिळालं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण भागात टिम लिंच नावाच्या संशोधकाने 1994 आणि 95 साली ऑलिव्ह सी स्नेक या जातीच्या सापांसोबत वारंवार बुड्या मारल्या. साप कधी, कसा, किती वेगाने जवळ आला, तो नर होता की मादी, याची नोंद तो ठेवत गेला. ती माहिती बरीच वर्षं पडून होती. रिक शाइन आणि रॉस अल्फोर्ड या शास्त्रज्ञांनी लिंचच्या सोबतीने ती पुन्हा तपासली आणि 2021 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात मांडली. हे साप बुडीवाल्यांवर हल्ला करतात अशी जुनी भीती होती. नोंदींतून निघालं ते निराळंच. जवळ येणाऱ्यांत नर जास्त होते आणि तेही मीलनाच्या मोसमात. वेगाने धावून येण्याचे बरेच प्रकार अशा नरांचे होते ज्यांच्या हातून नुकतीच मादी निसटली होती किंवा ज्यांची दुसऱ्या नराशी झटापट झाली होती. काहींनी तर बुडीवाल्याच्या फिनभोवती वेटोळं घातलं. मीलनाच्या वेळी ते मादीभोवती असंच घालतात.

याचं कारण सापाच्या इंद्रियांत आहे. जमिनीवरची मादी सरपटत जाते तेव्हा तिच्या कातडीचा वास जमिनीवर मागे राहतो आणि नर त्या मागावरून तिच्यापर्यंत पोचतो. समुद्रात सरपटायला जमीन नाही. ती पाण्यातून पोहत जाते, तिचा माग राहत नाही. पाण्याखाली या सापाची नजरही अधू. दुरून त्याला फक्त एक लांबट काळी आकृती दिसते. ती मादी आहे की आणखी काही, हे जवळ जाऊन जीभ लावल्याशिवाय त्याला कळत नाही. मीलनकाळात मादी नरापासून पळते आणि नर पाठलाग करतो. घाबरलेला बुडीवाला जोरजोरात फिन मारत पळतो, तेव्हा नराच्या लेखी तो मादीसारखाच वागत असतो. पळाल्याने पाठलाग वाढतो तो असा. म्हणूनच या संशोधकांचा सल्ला साधा आहे: स्थिर राहा, ढकलू नका, मारू नका, त्याला जिभेने तपासू द्या. बाबांनी होडीतून ओरडून सांगितलेलं वाक्य आणि या शोधनिबंधाचा निष्कर्ष एकच निघाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आमच्याकडचे साप त्या जातीचे नाहीत, त्यामुळे आम्हाला भेटलेला साप मादीच शोधत होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जीभ लावून पाहणं, मग वाट धरणं, हे मी इथे पुन्हा पुन्हा बघितलं आहे. आणखी एक कारण अनुभवाने सांगतो. सापाला कल्ले नसतात. त्याला श्वासासाठी वर जावंच लागतं. आपण नेमके त्याच्या खडकावर तरंगत असलो तर त्याच्या वाटेत आपणच उभे असतो. तो वर निघाला की आपल्याला वाटतं, आला अंगावर. अशा वेळी बाजूला सरकून त्याला वाट द्यावी, इतकंच पुरतं.

हा प्राणी नाग आणि मण्यारीच्या कुळातला. त्याच्या पूर्वजांनी काही दशलक्ष वर्षांपूर्वी जमीन सोडली आणि समुद्र धरला, आणि समुद्राने त्याचं सगळं शरीर बदलून टाकलं. पोटाखालचे रुंद खवले जमिनीवर सरपटायला लागतात. याचे ते इतके लहान झाले आहेत की वाळूवर टाकला तर बिचाऱ्याला धड पुढे जाता येत नाही. फुप्फुस जवळजवळ शेपटीपर्यंत लांबलेलं. शिवाय तो कातडीतूनही प्राणवायू घेतो. पिवळ्या पोटाचा समुद्री साप तर गरजेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत कातडीवर भागवू शकतो. आम्हा बुडीवाल्यांना सगळ्यात हेवा वाटावा अशी त्याची गोष्ट दुसरीच आहे. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जारज्जू, प्रसंगी जीव धोक्यात येतो. म्हणून खोल बुडीनंतर आम्ही पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून मगच वर येतो. साप हा जादा नायट्रोजन कातडीतूनच पाण्यात सोडत राहतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला 245 मीटर खोलीवर समुद्री साप कॅमेऱ्यात टिपला गेला आहे.

त्याच्या शेपटीला उजेड कळतो, हेही मला थक्क करणारं वाटतं. ऑलिव्ह सी स्नेकच्या शेपटीच्या कातडीत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी आहेत. कपारीत लपताना शेपूट बाहेर राहिलं आणि त्यावर उजेड पडला तर ते तो आत ओढून घेतो, डोळ्याने न बघता. आणि समुद्रात राहूनही त्याला खारं पाणी प्यायला चालत नाही. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर पिवळ्या पोटाच्या सापांवर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की कोरड्या मोसमात ते तहानलेले राहतात आणि पहिला मोठा पाऊस पडून समुद्रावर गोड पाण्याचा थर धरला की ते पितात. हीच जात आपल्या किनाऱ्यालाही आहे. पावसाळ्यात लाटांबरोबर वाळूवर येऊन पडते आणि लोक गोळा होतात. असा साप दिसला तर हात लावू नका आणि मारू नका, वनखात्याला कळवा.

अंदमानात बुडी मारायला जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. तिथे निळसर राखाडी अंगावर काळे पट्टे असलेली समुद्री मण्यार हमखास दिसते. तिचा प्रकार थोडा वेगळा: ती अन्न शोधायला पाण्यात, पण अंडी घालायला आणि पचवायला खडकांवर येते. आमच्या मालवणचे साप मात्र किनाऱ्यावर येत नाहीत आणि अंडीही घालत नाहीत. पिल्लं पाण्यातच जन्माला येतात.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर दोन जाती मुख्य. काकूंना भेटलेला जाड, पट्टेवाला तो हायड्रोफिस कर्टस. दुसरा चोचीसारखा वरचा जबडा खाली वळलेला, हायड्रोफिस शिस्टोसस. हा गढूळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी जास्त. शिंगाळा आणि केंड हे त्याचं आवडतं खाणं. एक मासा विषारी काट्यांचा, दुसरा अंगात विष असलेला आणि फुगणारा; दोन्ही तो गिळतो. समुद्री सापाचं तोंड लहान असतं म्हणून तो माणसाला चावू शकत नाही, असं पुष्कळ जण खात्रीने सांगतात. ते चूक आहे. या चोचवाल्याचा जबडा चांगला उघडतो, त्याचं विष अतिशय जहाल आहे आणि जगात समुद्री सापामुळे झालेल्या मृत्यूंत मोठा वाटा याच जातीचा मानला जातो.

पण ते मृत्यू कुणाचे? बुडीवाल्यांचे जवळपास नाहीतच. ते जाळं ओढणाऱ्यांचे आहेत.

गिलनेटमध्ये अडकलेला साप चिडलेला, घुसमटलेला, जाळ्याने आवळलेला असतो. अंधारात, हलत्या होडीवर, मासे सोडवण्याच्या घाईत खलाशी उघड्या हाताने त्याची शेपटी धरतो आणि समुद्रात भिरकावतो. आमच्याकडे सगळे असंच करतात. शेजारच्या एका काकांना असाच चावला होता. चावा दुखलाच नाही. त्यांना वाटलं, शिंगाळ्याचा काटा लागला. ते जाळं आवरत राहिले. दोनएक तासांनी मान आणि मांड्या दुखायला लागल्या, घरी आल्यावर जबडा उघडेना, पेजही घेता येईना. लघवी कोकमाच्या आगळासारखी लालसर काळी झाली तेव्हा घरच्यांनी गाडी काढली. गोव्यात नेलं, डायलिसिस झालं, वाचले. पुढे कित्येक महिने त्यांना जिना चढवत नव्हता.

हे विष स्नायू फोडतं. फुटलेल्या स्नायूंतलं रंगद्रव्य रक्तात येतं, मूत्रपिंडात अडकतं आणि लघवी काळी होते. त्याच वेळी रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. पुष्कळ चाव्यांत साप विष सोडतच नाही, हे खरं. पण कुठल्या चाव्यात सोडलं ते चावताना कळत नाही, कारण दात अवघे काही मिलिमीटरचे आणि जखम सुईच्या टोकाएवढी.

उपचाराची अडचण मोठी आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर बेतलेलं आहे. समुद्री सापाचं विष त्यात नाही. समुद्री सापावरचं प्रतिविष ऑस्ट्रेलियात तयार होतं आणि ते याच चोचवाल्या सापाच्या विषापासून बनवतात. म्हणजे जो साप आमच्या खाडीच्या तोंडावर राहतो, त्याच्यावरचं औषध समुद्रापलीकडे आहे. आपल्या देशाला एवढा लांब किनारा, त्यावर लाखो मच्छीमार, आणि त्यांच्यासाठी हे प्रतिविष देशात बनत नाही, ही गोष्ट मला सहन होत नाही. पर्यटकाच्या सुरक्षेबद्दल मला रोज विचारणा होते. होडीवरच्या खलाशाबद्दल मला आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

सापाच्या बाजूनेही जाळं वाईटच. गिलनेटमधला साप बऱ्याचदा जिवंत सुटतो, पण ट्रॉलरचं जाळं तासनतास तळातून ओढलं जातं आणि तितका वेळ साप वर येऊ शकला नाही की बुडून मरतो. बंगळूरच्या 'दक्षिण फाउंडेशन'च्या संशोधकांनी मालवणच्या बंदरात जाळ्यांतून येणाऱ्या सापांचा अभ्यास केला आणि पंधराएक वर्षांपूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहिला. कर्टसचं प्रमाण घसरलेलं आणि चोचवाल्याचं वाढलेलं आढळलं. मासेमारीच्या दाबाने इथल्या सापांचा समतोल हलला आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मच्छीमाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जाळ्यात येणारा साप आता अधिक वेळा जास्त धोकादायक जातीचा असतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. ते क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं आहे आणि साप काही नकाशा बघून पोहत नाही.

मला जे मागायचं आहे ते फार मोठं नाही. मच्छीमार संस्थांनी प्रत्येक होडीवर जाड हातमोजे आणि साप उचलायला एक आकडीची काठी ठेवावी. किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुद्री सापाच्या दंशाची लक्षणं लिहिलेला फलक लावावा आणि डायलिसिस जवळात जवळ कुठे होतं ते त्यावर ठळक असावं. प्रतिविष देशात तयार व्हावं ही मागणी कोकणातल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.

मालवणला बुडी मारायला जरूर या. साप भेटला तर हात छातीशी घ्या, पाय स्थिर ठेवा, श्वास चालू ठेवा आणि त्याच्या वर तरंगत राहू नका. आणि तुमच्या ओळखीचं कुणी दर्यावर जात असेल तर त्याला माझा एक निरोप द्या: जाळं आवरताना हाताला काही टोचलं आणि साप दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. चिरू नका, दोरीने आवळू नका. हात पट्टीने गुंडाळून हलवायचा बंद करा, लघवीच्या रंगाची वाट बघत बसू नका आणि होडी तशीच बंदराला वळवा.